मागच्या दारची टोपली

"डॉक्टर, हे तं तुमचीच पेशंट नं? आज हिची गोळी चुकली वाटते."

पक्षाचे पुढारी भाऊ माइकवरून बोलले आणि मंडप हसला. पुढचे हसले, मागचे हसले, चहा वाटणारेही हसले.

शेवंताबाई उभीच होती. चामोर्शीकडच्या एका गावात मासोळी विकून पोरीला शिकवणारी, नवरा गेलेली बाई. तिने एवढंच विचारलं होतं, "आमच्या मासोळी सोसायटीचा तलाव तुमच्या पुतन्याले कोनं देल्ला?"

भाऊंचं तेवढ्यावर भागलं नाही. "ढिवरायचं असंच आहे. पान्यात राहू राहू डोक्यात पानी जाते." मग माइकवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "तुमी मनावर नका घेऊ. तुमी आता आमच्यातल्या."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. गळ्यात पक्षाचा दुपट्टा. झेडपीची उमेदवार.

मी ढिवराचीच पोर, मासोळी धरणाऱ्या जातीची. तलावातली वर्षाची पहिली मासोळी याच भाऊंच्या घरी पोचवायची, अशी आमच्या भागातल्या ढिवरांची रीत. माझी माय टोपली घेऊन जायची, मागच्या दाराने. अंगणाच्या कोपऱ्यात बसून मासोळी साफ करून द्यायची. तहान लागली तर ओंजळ धरायची, वरून कोणी पाणी ओतायचं. हे सगळं मला त्या खुर्चीत बसून आठवलं.

आणि मी हसले. ओठातल्या ओठात नाही. दात दिसतील असं.

मी मनोविकारांची डॉक्टर. आमच्याकडे सरळ पागलायची डॉक्टर म्हणतात. चंद्रपुरात माझा दवाखाना आहे. पुढच्या दाराने बाई आली की गावात बोभाटा होतो, लेकीचं लग्न अडतं. म्हणून माझ्या बाया डोक्यावर टोपली घेऊन मागच्या दाराने येतात. बघणाऱ्याला वाटतं, डॉक्टरला मासोळी विकायला आली. मी मासोळी घेते, बाईला आत बसवते, दार लावते, ऐकते. जाताना टोपलीत पळसाच्या पानांखाली गोळ्या. या दाराचा मला केवढा अभिमान होता! माझ्या मायला ज्या दाराने जावं लागलं तसंच दार मी माझ्या बायांसाठी ठेवलं आणि त्याला माया म्हणत राहिले.

राजकारणात मी का गेले? तालुक्याच्या दवाखान्यात डोक्याची औषधं मिळावीत म्हणून. बाईला झोपेच्या गोळीसाठी एसटीने चंद्रपूर गाठावं लागू नये म्हणून. हे खरं आहे. भाऊ स्वतः माझ्या घरी आले, पुढच्या दाराने, आणि मी हुरळले, हेही तितकंच खरं आहे.

पण शेवंताबाई माझी पेशंट हे भाऊंना कुठून कळलं? माझ्याच तोंडून. चामोर्शीच्या बाजारात प्रचाराला फिरत होते. मागे भाऊंच्या कार्यकर्त्यांची रांग. शेवंताबाई मासोळीपाशी बसलेली. मी वाकून म्हटलं, "काय शेवंताबाई, झोप लागते नं आता? गोळ्या सोडू नको."

दवाखान्यातली सवय, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. मला मिरवायचं होतं. बघा, बाया मला कशा ओळखतात.

तिने पदर पुढे ओढला. "मासोळी घेता का?" एवढंच म्हणाली. जे मी दार लावून ऐकलं होतं, ते भर बाजारात सांगून मोकळी झाले होते.

सभेनंतर माझं मागचं दार वाजलंच नाही. एकही टोपली आली नाही. मग मी तिच्या गावी गेले.

ती ओसरीवर जाळं विणत होती. बस म्हणाली नाही.

"तो पागल म्हनला त्याचं काई नाई," ती म्हणाली. "त्याचं तोंडच तसं आहे. तुमी काऊन हासल्या?"

मी घाईघाईने म्हटलं, "पुढच्या सभेत मी माइकवर सांगते. तू पूर्ण बरी आहेस, असं डॉक्टर म्हणून सांगते."

तिचा हात थांबला. "मी शहानी आहो हे तुमी सांगान? अन् तुमी नाई सांगतलं, तं मी पागल?"

ती पुन्हा जाळं विणू लागली.

"तलाव गेला, हे खरं का खोटं?"

"खरं."

"मंग मी पुन्हा इचारीन. तुमी फक्त हासू नका."

आयुष्यभर मी लोकांना धीर देत आले. तिने माझ्याकडे धीर मागितला नाही, मदत मागितली नाही. फक्त हसू नका. यापेक्षा जास्त माझी लायकी कुठे उरली होती?

पुढची सभा त्याच मैदानात. शेवंताबाई उठली. तोच प्रश्न, तेच शब्द. भाऊ हसत माझ्याकडे वळले. "डॉक्टर, समजवा बाप्पा हिले."

मी दुपट्टा काढला. खुर्चीवर ठेवला. पायऱ्या उतरले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले. बोलायला गेले तर मायची बोली तोंडात आली.

"भाऊ, मी तुमच्यातली नाई. मी ढिवराची. बाईनं इचारलं, त्याचं उत्तर द्या."

"तिकीट कोनं देल्लं, इसरल्या का?"

"नाई इसरली. दुपट्टा खुर्चीवर आहे."

भाऊंनी माइक बाजूला सारला. कोणीतरी भोंग्यावर प्रचाराचं गाणं लावलं. शेवंताबाईने वळून माझ्याकडे पाहिलंही नाही.

ती आता माझ्याकडे येत नाही. गोळ्यांसाठी एसटीने गडचिरोलीला जाते. ज्या बाया अजिबात येईनाशा झाल्या, त्यांना रात्री झोप लागते की नाही, हे मला माहीत नाही. त्याचं पाप माझ्या माथी आहे. अपक्ष म्हणून अर्ज भरला, म्हणून ते फिटत नाही. शेवंताबाईकडे मी मत मागितलं नाही, माफीही मागितली नाही. माफ करावं असं मी काही केलेलं नाही.

उद्या तलावासाठी ढिवरांचा मोर्चा भाऊंच्या घरावर आहे. मागच्या दारावर नाही, पुढच्या. टोपल्या असतील, रिकाम्या. यंदाची पहिली मासोळी त्या घरी गेलेली नाही, पुढेही जाणार नाही. बोलणार शेवंताबाई. मी तिच्या मागे उभी राहणार. कोणी हसलं, तर हसू दे. मी हसणार नाही.