भिंतीवाली पुस्तकं आणि माझी भाची

हुकूमशाहीचा माझ्या भाचीइतका बारीक अभ्यास केलेलं माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि हुकूमशाहीला तिच्याइतके कमी गुण देणारंही. ती हदगावची. दहावीला तिला भरघोस मार्क पडले, एवढाच तिचा गुन्हा. आमच्या भागात या गुन्ह्याला लातूरची शिक्षा असते. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, यांचं हदगावला खत-बियाण्याचं दुकान. त्यांनी पत्र्याची एक पेटी, हळदीची एक पिशवी आणि ही पोरगी असा सगळा ऐवज एसटीत घालून माझ्या घरी आणून सोडला आणि "मामा, आता ही तुमची. डॉक्टर करूनच वापस पाठवा," असं म्हणून परतीची गाडी धरली. अकरावी-बारावीची दोन वर्षं गेली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मार्क थोडे कमी पडले म्हणून रिपीटरचं आणखी एक वर्ष गेलं. या तीन वर्षांत ती डॉक्टरकीच्या किती जवळ पोचली ते मला सांगता येणार नाही. पण जगबुडीनंतरचं कुठलंही सरकार तिच्यासमोर उभं करा, ती त्यातल्या चुका उभ्या उभ्या काढून दाखवील.

याला कारण भिंतीवाली पुस्तकं. हे नाव तिचंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान आहे. निकाल लागला की पोरं आपापल्या गावी निघतात आणि जाताना नोट्स, प्रश्नसंच, सगळं तिथं किलोवर घालून जातात. त्या ढिगात एखादी कादंबरी लपलेली असते. कुणीतरी फिजिक्सच्या आड धरून वाचलेली, त्यामुळं कव्हर गेलेली. बहुतेक इंग्रजी, क्वचित मराठीत आणलेली. गोष्ट साधारण एकच. भविष्यातलं एक शहर, त्याला भोवताली भिंत, आत एक वाईट सरकार, पोरांना ठराविक वयात चाळणीतून काढायची पद्धत, आणि सतरा वर्षांची एक मुलगी, जी हे सगळं तिसऱ्या भागात पाडते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी लेखकाची योजना असते. हिच्या अंगावर तो कधी आला नाही. पहिलं पुस्तक वाचून झालं तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि फार काळजीनं म्हणाली, "मामा, ह्याच्यात भ्यायचं काय हाय? हे लोक पहाटं पाचला भोंगा वाजला की उठून राहिले. पाचला! तवर माझे दोन धडे होतात. अन् पोरांना चाळतात म्हणं, ते बी वर्षातून एक बार. आमची चाळणी तर दर रविवारी असते." पुस्तकातल्या शहरात चौकाचौकात कॅमेरे होते, त्यावर लेखकानं बारा पानं खर्च केली होती. हिचं म्हणणं, "आमच्या वर्गातला कॅमेरा पप्पाच्या मोबाईलवर दिसते, थेट हदगावला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला बघत बसतात. परवा फोन करून म्हणले, जांभई कामून दिली?"

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा ती निकाल लावी. केमिस्ट्रीच्या वहीची मागची पानं तिनं यासाठी राखून ठेवली होती. गुण देण्याची पद्धत तिच्या परीक्षेचीच. बरोबर असेल तर चार गुण, चूक असेल तर उणे एक, आणि प्रश्न सोडून दिला असेल तर शून्य. मुलगी भिंत ओलांडून जंगलात तीन दिवस पळते, पण पाण्याची बाटली कुठं भरते ते लिहिलेलं नाही, उणे एक. मुलीला आई आहे, पण आई एकदाही फोन करून "जेवलीस का" विचारत नाही, उणे एक. सरकार पळून गेलेल्या पोरांचे फोटो चौकात मोठ्या फलकावर लावतं, इथं तिनं लाल पेनानं शेरा मारला होता, 'आमच्याकडे पहिल्या आलेल्यांचे लावतात. घाबरायला दोन्हींकडे पाहून सारखंच होतं. अधिक चार.' मला हे वाचून दाखवताना ती इतकी गंभीर असे की हसावं की कपाळावर हात मारावा, ते कळत नसे. मी बहुतेक वेळा हसत असे. हसणं सोपं असतं.

आमच्या घरालाही तिनं सोडलं नाही. माझ्या बायकोला तिनं अन्नमंत्रिपद दिलं. मामीनं ते आनंदानं स्वीकारलं आणि पहिल्याच दिवशी "मंत्र्याचं ऐकायचं अन् दुसरी भाकर घ्यायची," असा हुकूम काढला. माझं प्रकरण जरा वेगळं. मी तहसीलमध्ये कारकून. तीस वर्षं तिथं काढल्यामुळं कुठलीही गोष्ट मला कागदावर आल्याशिवाय खरी वाटत नाही. ती आमच्याकडं राहायला आली त्या आठवड्यात मी तिचं वेळापत्रक तयार केलं, ते परिपत्रकाच्या नमुन्यात. वर विषय, त्याखाली संदर्भ, मग 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पहाटे चार वाजता उठावे', आणि तळाशी 'प्रत माहितीस्तव : मामी'. मला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. तिनं ते उभ्यानं वाचलं, पोच म्हणून सही केली, तारीख टाकली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हरकती मागविण्यात आलेल्या नाहीत.' तो कागद तिच्या टेबलासमोर तीन वर्षं चिकटलेला होता.

हरकत तिनं एकदाच घेतली. रिपीटरचं वर्ष सुरू होत होतं. गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती, मी टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेलो होतो. ओढणी पिळता पिळता ती म्हणाली, "मामा, मला न्हाई व्हायचं डॉक्टर. नांदेडला बी.ए.ला नाव घालावं म्हणते. पप्पाला तुम्ही सांगा ना. ते तुमचं ऐकतात." मी टाकीचं झाकण लावलं आणि म्हणालो, "बघू." आमच्या कचेरीत ज्या कागदावर 'बघू' पडतं तो कागद पुन्हा कुणाला दिसत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्याच वर्षी तिच्या क्लासमध्ये एक प्रकार घडला. फिजिक्सच्या तासाला ती एका भिंतीवाल्या पुस्तकासकट पकडली गेली. पुस्तक जप्त झालं आणि चार दिवसांनी संचालक सरांनी मला बोलावून घेतलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, माफीची चार वाक्यं पाठ करून गेलो. सर खुर्चीत मागं रेलून बसलेले, समोर तेच पुस्तक, आणि पुस्तकात ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. "बसा, भाऊसाहेब," सर म्हणाले, "पुस्तक म्या वाचलं. लई भारी हाय. नियोजन काय बारकाईनं मांडलंय त्या माणसानं! पोरांना रंगाच्या पट्ट्या, एकाच टायमाला भोंगा, कोण कुठं चालला ते वरून दिसतंय. आपल्याकडं असं कुणी लिहीतच न्हाई." मी म्हणालो, "हो ना सर." वास्तविक त्या गोष्टीत पोरं कशी झुरतात ते भाची मला जेवताना सगळं सांगून बसली होती. सरांनी एक चिठ्ठी सरळ केली आणि हळूच विचारलं, "ह्याचा दुसरा भाग असंल का तिच्याकडं?"

पुढच्या महिन्यात क्लासच्या इमारतीवर भोंगा बसला. पहाटे पाचला तो वाजला की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा अभ्यासाला बसल्यासारखी गप्प होत. ओळखपत्राच्या फितीला चार रंग आले, रविवारच्या मार्कांप्रमाणे दर सोमवारी बदलणारे. सगळ्यात खालची फीत राखाडी, आणि राखाडीवाल्यांनी मागच्या दारानं आत यायचं. पालकांना ही शिस्त फार आवडली. शिरूर अनंतपाळहून आलेले एक गृहस्थ मला रस्त्यात थांबवून "तो भोंगावाला क्लास कोणता हो?" म्हणून विचारत होते, मी त्यांना वळणापर्यंत पोचवून आलो. भाची शांतपणे म्हणाली, "सरांनी पहिलाच भाग वाचलाय. भिंत तिसऱ्या भागात पडते." पण एका सोमवारी तिच्याच गळ्यात राखाडी फीत आली. अन्नमंत्र्यांनी दुसरी भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली. वहीत तिनं एवढंच लिहिलं, 'पुस्तकात मागचं दार नव्हतं. ही सरांची स्वतःची भर. अधिक चार.'

निकाल लागला. पुन्हा मार्क थोडे कमी. इतके थोडे की आणखी एक वर्ष बसली तर नक्कीच होईल असं प्रत्येकाला वाटावं, आणि प्रत्येकानं ते बोलून दाखवावं. दाजी दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी मी कचेरीतून घरी आलो तेव्हा ती पेटी भरत होती की रिकामी करत होती, ते मला कळलं नाही. तिनं केमिस्ट्रीची वही माझ्या हातात दिली. "मामा, शेवटचं पान वाचा. चिडू नका पण," म्हणाली आणि खाली मामीकडं निघून गेली. पानावर मथळा होता, 'सगळ्या भिंतीवाल्या पुस्तकांत सापडणारी माणसं.' त्याखाली यादी. भिंत बांधणारे, संचालक सर. अन्नमंत्री, मामी, प्रामाणिक. भिंतीबाहेर उभं राहून पोरांना मायेनं आत ढकलणारे, पप्पा, कारण आत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि शेवटी, 'प्रत्येक पुस्तकात एक माणूस असतो. स्वभावानं चांगला. सरकारी नोकरीत. त्याला सगळं कळतं. मुलगी तापानं पडली तर तो मोसंबी आणून देतो, सोलूनसुद्धा देतो. बोलत मात्र काहीच नाही. हे मामा. प्रश्न सोडून दिला आहे. गुण शून्य.'

मला आधी राग आला. मोसंबी मी खरंच आणली होती, टायफॉइडमध्ये, रोज. मग उणे एक तरी द्यायला हवा होता असं वाटलं. चुकीचं का होईना, काही उत्तर दिलं असं तरी झालं असतं. मग नुसतीच लाज वाटत राहिली. मी त्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसलो. समोर माझंच परिपत्रक होतं.

दाजी आले, हळदीची पिशवी घेऊन. खिशात रिपीटर बॅचचा फॉर्म, भरलेला. फक्त एक सही राहिली होती, स्थानिक पालकाची. त्यांनी फॉर्म टीपॉयवर पसरला, माझ्याकडं पेन दिलं आणि म्हणाले, "मामा, तुम्ही म्हणाल तसं." भाची दारात उभी. मी नोकरीत सह्या टाळल्या पुष्कळ, नाकारली एकही नव्हती. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणालो, "दाजी, ही सही मी करत नाही. पोरीला नांदेडला बी.ए.ला घाला. झालं तेवढं पुष्कळ झालं." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. दाजींनी फॉर्मकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. मग बशीत चहा ओतत ते म्हणाले, "खरं सांगू का मामा? म्या गेल्या सालीच हिच्या मायला म्हणून राहिलो होतो की पोरगी वाळून चालली, आणा वापस. पण तुम्ही एवढं टाइमटेबल बनवलं, मामी पहाटं उठून राहिल्या. म्हणलं, तुम्हाला वाईट वाटंल. म्हणून गप बसलो." आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो होतो आणि पोरगी मागच्या दारानं आत जात होती. तिच्या पुस्तकांत सरकार पाडायला तीन भाग लागतात, माणसं मरतात, शहरं जळतात. आमच्या बैठकीत ते चहा निवायच्या आत पडलं. आणि चहा आमच्या घरात गेल्या वर्षीही होत होता.

स्टँडवर मी तिची पेटी गाडीत चढवली. दाजी पाण्याची बाटली भरायला गेले होते. खिडकीशी उभं राहून, उगीच गंमत केल्यासारखं करत मी विचारलं, "आता किती गुण?" "मामा, टाइम संपल्यावर लिहिलेलं तपासत न्हाईत," म्हणाली. मग गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून ओरडली, "पण म्या वाचलं!"

आता ती नांदेडला असते. फोन करते, मामी जेवलीस का विचारते, ती उलट मामीलाच विचारते. मी अधूनमधून रद्दीच्या दुकानात वाकून बसतो आणि एखादं भिंतीवालं पुस्तक घेऊन येतो. मुलीचं पुढं काय होतं याची मला फारशी उत्सुकता नसते, ती भिंत पाडणारच. मी त्या चांगल्या स्वभावाच्या माणसाला शोधत असतो. परवा एका पुस्तकात तो बोलला. तीनशे बाराव्या पानावर. मी पेन्सिल घेतली, समासात 'फार उशिरा' असं लिहिलं आणि उणे एक दिला.