कामठ्याच्या वेशीपर्यंत एक पेटी

तालुक्याच्या गावी आणि खेड्यांत वाचनालयं, शाळा, व्यायामशाळा चालवणाऱ्या मित्रांनो, तुमची तक्रार मला तोंडपाठ आहे, कारण ती माझीही आहे. जगात जे मोठं घडतं ते नागपूरला येऊन थांबतं. व्याख्याते नागपूरला, प्रदर्शनं नागपूरला. आपल्या वाट्याला येतात निवडणुकीचे भोंगे. आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तरी यात काडीचा फरक पडलेला नाही. म्हणून या वेळी मी एक प्रदर्शनच उचललं आणि गोंदियाकडे निघालो.

ते माझं नव्हतं. नागपुरात फोटो धुण्याचं छोटं दुकान चालवणारे एमिल नावाचे गृहस्थ आहेत. मूळचे प्रागचे, धर्मानं ज्यू. हिटलर येण्याच्या जरा आधी ते एकटेच निसटले. आईवडील आणि बहीण मागे राहिले आणि छावणीत मारले गेले. परदेशात आता त्या मृतांच्या स्मरणार्थ संग्रहालयं उभी राहू लागली आहेत. त्यांपैकी एकानं लहान आकाराची छायाचित्रं पाठवली, तुमच्याकडे जमेल तिथे दाखवा म्हणून. एमिलसाहेबांनी ती स्वतः मोठी केली, पुठ्ठ्यावर डकवली आणि सागवानी पेटीत भरली.

मी वर्तमानपत्रं वाचणारा माणूस. मला वाटायचं, हे सगळं मला माहीत आहे. त्यांच्या दुकानात उभा राहून ती चित्रं एकामागून एक पाहिली तेव्हा कळलं, मला काहीच माहीत नव्हतं. चष्म्यांचा ढीग. लहान मुलांच्या बुटांचा ढीग. नागपुरातल्या दोन संस्थांनी त्यांना सभागृह नाकारलं होतं. फाळणीचे आपलेच मुडदे अजून ताजे आहेत, परक्यांचे कशाला, असं एका चिटणीसानं त्यांना ऐकवलं होतं. एमिलसाहेब मला एवढंच म्हणाले की पेटी बंद राहिली तर मारणाऱ्यांचं काम पूर्ण होईल.

गोंदियाजवळच्या कामठ्याच्या शाळेतले बिसेन गुरुजी माझे जुने स्नेही. त्यांनी बोलावलं. सकाळच्या पॅसेंजरनं पेटी घेऊन मी आणि एमिलसाहेब निघालो. या गाडीनं जाणार असाल तर अंथरूण आणि पाणी जवळ ठेवा. तिसऱ्या वर्गात टेकायला जागा मिळते, एवढंच. भंडारा रोड सोडलं की दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या, मधेच तळी. गोंदियाला स्टेशनाबाहेर चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे मिळतात, ते चुकवू नका.

गोंदियात एका धर्मशाळेच्या ओसरीवर दुपारभर चित्रं लावली. गर्दी झाली. बिडीचा व्यापार करणारे एक शेठजी शेवटपर्यंत हिंडले, प्रत्येक चित्रापुढे थांबले आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बुरा हुआ, भाई. मगर हिटलर आदमी दमदार था. अंग्रेज को हिला दिया."

बुटांच्या ढिगापुढे उभं राहून हे म्हणाले. मी भर ओसरीवर त्यांना विचारलं की यातला कोणता बूट त्यांच्या नातवाच्या मापाचा आहे. ते चिडून निघून गेले. सभोवतालच्या निम्म्या लोकांना माझंच वागणं उद्धट वाटलं, हा मला दुसरा धक्का. एमिलसाहेब खाली मान घालून खिळे काढत होते. असं त्यांनी दर वेळी ऐकलं आहे, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून कामठ्याला. रस्ता मातीचा, हाडं खिळखिळी करणारा, पण हिवाळ्यात जा, धूळ सोडली तर त्रास नाही. गुरुजींच्या घरी भात आणि लाखोरीची डाळ जेवलो. लहान वर्गांना गुरुजींनी सुट्टी दिली होती. मोठी मुलं आणि गाव शाळेत जमलं.

एमिलसाहेब मोडक्या हिंदीत सांगत होते, गुरुजी गावच्या बोलीत उलगडत होते. पहिली चित्रं साधीच: एक लग्न, एक दुकान, शाळेचा वर्ग. मग फर्मानं सुरू होतात. या बाकावर ज्यूंनी बसायचं नाही. या शाळेत यायचं नाही. खिडकीबाहेर गावाच्या दुसऱ्या टोकाचे काही जण उभे होते, आत यायला कचरत. त्यांच्यातला सुखदेव नावाचा माणूस हळूच म्हणाला, "हे त इकडं बी हाये. मंग फुडं का झालं?" पुढे बसलेले शेतकरी मांडीकडे बघू लागले. गुरुजी उठले, दारापाशी गेले आणि बाहेरच्यांना आत घेऊन आले.

मग हातावरचे आकडे आले. छावणीत माणसाच्या हातावर नावाऐवजी आकडा गोंदत, हे सांगताच बायकांमध्ये कुजबूज झाली. इथल्या म्हाताऱ्यांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले असतात. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं, अशी त्यांची श्रद्धा. जानकाबाई नावाच्या आजी उठून चित्राजवळ गेल्या. आपला हात त्यांनी त्या हाताशेजारी धरला.

"देवापासी जाऊन ह्या बाईनं आकडा दाखवाचा का गा?" त्यांनी एमिलसाहेबांना विचारलं. "नाव इचारलं त का सांगन?"

गुरुजींनी अर्थ सांगितला.

प्रदर्शन संपलं आणि लोक थेट घरी गेले नाहीत. शाळेपुढच्या कडुनिंबाचा पाला तोडून त्यांनी चावला, थुंकला आणि तळ्याकडे अंघोळीला निघाले. एमिलसाहेबांना वाटलं, लोकांना किळस आली. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मयताहून परतताना असं करतात. ते बाकावर बसून राहिले.

खरा धक्का सकाळी बसला. शाळेच्या दाराशी हार, हळदकुंकू आणि नवं कापड घेऊन गाव हजर. जानकाबाईंनी ठरवलं होतं, पेटी नदीवर न्यायची. या माणसांना कोणी आग दिली नाही, राख पाण्यात शिरवली नाही, चित्रं एवढीच त्यांची उरली आहेत. तेव्हा विधीनं ती प्रवाहात सोडायची, म्हणजे बिचारे सुटतील.

मी हादरलो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मायेनं ही माणसं तेच करायला निघाली होती जे खुन्यांना हवं होतं. मी बोलायला लागलो, माझ्या सभेतल्या आवाजात, आणि जानकाबाईंनी मला तिथंच थांबवलं.

"तू कायले ओरडून राहिला? ज्याचे हायेत त्याले बोलू दे."

एमिलसाहेब पेटीवर हात ठेवून उभे होते. ते हिंदीत म्हणाले, "माँजी, इनको छुट्टी मत दो. जब तक सब लोग देख नहीं लेते, ये नहीं जाएँगे."

"भटकून राहतीन ना बाबू."

"भटकने दो. मैं भी साथ भटकूँगा."

म्हातारी गावकऱ्यांकडे वळली. एकट्याले कायले भटकू द्याचं, असं म्हणाली, आणि नदीऐवजी शेजारच्या गावचा रस्ता दाखवला. दोन बांबू आणले, पेटी त्यांवर बांधली. खांदा द्यायला गुरुजी पुढे झाले, मी झालो, सुखदेव आला. पुढचा डावा खांदा एमिलसाहेबांनी घेतला. आईवडिलांना, बहिणीला त्यांना खांदा देता आला नव्हता. सगळा रस्ता त्यांनी खांदा बदलू दिला नाही. एका पोराला धावत पुढे पाठवून निरोप दिला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारच्या गावचे चौघे पेटी पुढे न्यायला वेशीवर उभे होते.

परत आलो त्याला पंधरवडा झाला. चिटणीस आणि शेठजी यांच्यावर मी अजून चिडलेलो आहे आणि राहणार आहे. पण रात्रंदिवस डोक्यात आहे ते वेगळंच. चांगल्या माणसांच्या हातूनही मेलेले दुसऱ्यांदा मरू शकतात, आणि त्या दिवशी ते थोडक्यात टळलं. एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर जात पेटी आता आमगावच्या बाजूला आहे, पुढे सालेकशाच्या जंगलपट्टीकडे जाईल, कचारगडच्या जत्रेला पोहोचली तर उत्तमच. पण कुठेतरी पुढची वेस रिकामी सापडेल, अशी मला भीती आहे. तिथे ती खाली टेकली की कोणाच्या तरी माळ्यावर जाईल आणि वाळवी लागेल.

म्हणून मित्रांनो, सभा घेऊ नका, ठराव करू नका. कामठ्याच्या शाळेत बिसेन गुरुजींच्या नावे एक पोस्टकार्ड टाका, आणि त्यावर तुमच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या चार माणसांची नावं लिहा.