खोलीतला कालवा

भिंगरी सायकलवरून कालव्यात पडेल, ही काळजी आईने तीन वर्षं पुरवून पुरवून वापरली. मुलीला पोहता येत नाही, काठाला कठडा नाही, वाटेत कुत्री, पुलाखाली कोण कोण बसलेलं. त्या काळजीची तिला घरातल्या माणसासारखी सवय झाली होती. त्यामुळे गेल्या आठवड्यात भिंगरीने भिंतीवरचा कालव्याचा नकाशा काढला आणि घडी घालून कपाटावर टाकला, तेव्हा खरं तर आईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटंच. रात्री तिचा डोळा लागेना.

"नकाशा का गं काढलास?"

"भिंतीचा रंग निघत होता."

भिंतीच्या रंगाची पर्वा करणारी ही मुलगी नव्हे. पण आवाजात राग नाही, कुरकुर नाही. भांडली असती तर आईला झोप तरी लागली असती.

भिंगरी हे लहानपणी पडलेलं नाव. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून बाबांनी ठेवलं. आता ती छत्तिशीत आहे आणि चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर काचा घासते. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार, त्याखाली काच, काच चौकटीत बसली की अंगठ्याखाली 'टक्' असा आवाज. मग पुढची. "लोकांना लांबचं दिसावं म्हणून मी जवळचं बघत बसते," असं ती म्हणते. तिचा थोरला भाऊ, दादा, एकदा म्हणाला होता, "आमच्या भिंगरीतली 'री' गेली आणि नुसती भिंगं राहिली." सगळे हसले. भिंगरीही हसली.

त्या मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीतून कालवा दिसतो. गोदामांच्या पाठीमागून, रेल्वेच्या पुलाखालून तो शहराबाहेर पार धरणापर्यंत जातो. काठाने वाट आहे, तिच्यावरून सायकली जातात. एका दिवसात धरण गाठायचं, तिथल्या विश्रामगृहात रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी परत. एवढाच तिचा बेत. जग पालथं घालायचं नव्हतं.

"गंमत बघ आई," ती तेव्हा म्हणायची, "मला कालवा, आणि तुला कालवाकालव!"

अडलं होतं ते बाबांपाशी. बाबा वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करायचे, आयुष्यभर सायकलवर. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एकच शब्द उरला: बस. पाणी हवं असलं तरी बस, पाणी पुरे झालं तरी बस. रागाचं बस वेगळं, लाडाचं वेगळं. वरच्या मजल्यावरचे काका पहिले दोन महिने समजत होते, की यांना बसने कुठेतरी जायचंय.

बाबांना खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून न्हाणीघरात उचलून न्यायचं काम भिंगरीचं. आईच्या कमरेला पट्टा. पगारी माणूस ठेवून पाहिला. पहिल्याच सकाळी बाबा त्याच्या मनगटाला चावले. दुपारी तो डबा खाऊन जो गेला, तो गेलाच.

तरी एकदा सगळं जुळून आलं होतं. वरचे काका दोन दिवस उचलायला येतो म्हणाले. भिंगरीने नवी सायकल घेतली होती, ती बाबांच्या खुर्चीजवळ आणून उभी केली. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर पिशवी. "बाबा, निघू?" बाबांनी डावा हात हवेत आपटला आणि म्हणाले, "बस!" भिंगरी थांबली. बाबांनी पुन्हा हात आपटला. "बस! बस!" तिने शिरस्त्राणाचा पट्टा सोडला. "बरं बाबा. बसले."

आईला त्या दिवशी हायसं वाटलं, आणि ते लपवायचे कष्टही तिने घेतले नाहीत. पुढच्या वर्षी तेच झालं. तेच बस, तोच हात. त्यानंतर सायकल दाराशी भिंतीला टेकून राहिली, आणि येताजाता सगळ्यांच्या पोटऱ्यांना तिचं पॅडल लागू लागलं.

घरात आणखी एक सायकल होती, व्यायामाची, एका जागी चालणारी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणली. बाबांचा पाय काही तिच्यावर ठरेना, तेव्हा तिच्यावर टॉवेल वाळू लागले. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी भिंगरीने ते टॉवेल काढले, समोरच्या भिंतीवर कालव्याचा नकाशा चिकटवला आणि बसली. शेजारी बाबांची खुर्ची ओढून घेतली.

"चला बाबा. दुकानामागून निघतोय."

रोज थोडं थोडं. जेवढं अंतर पडेल तेवढी नकाशावर पेन्सिलीची रेघ पुढे सरकायची. "रेल्वेचा पूल आला बाबा, डोकं खाली!" आणि बाबा खरोखर मान खाली घालायचे. "आज वारा समोरून आहे."

"पंखा लावू का?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"अगं, वारा समोरून आहे म्हणतेय, त्यात पंखा कसला लावतेस!"

आईला वाटलं, छान झालं. पाणी नाही, कुत्री नाहीत, मुलगी डोळ्यांसमोर. बेतही पुरा होतोय आणि मुलगीही घरात. ह्याहून अधिक काय हवं?

आणि गेल्या आठवड्यात भिंगरी पॅडल मारायची थांबली. "पोचले," म्हणाली.

"कुठे गं?"

"धरणावर."

"मग? कसं आहे धरण?" आईनेही हौसेने विचारलं.

भिंगरीने समोर पाहिलं. घाम पुसला. "भिंत आहे," ती म्हणाली. "धरणाला काय, भिंतच असते."

ती उतरली आणि ओला टॉवेल सायकलच्या दांडीवर टाकला. दुसऱ्या दिवशी नकाशा गेला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "सायकलवाल्याला सांगितलंय. रविवारी येऊन घेऊन जाईल."

"कोणती?"

"खरी. खोटी राहू दे, टॉवेलना लागते."

रविवारी सायकलवाला आला. वाकून त्याने चाकं पाहिली, बोट फिरवलं आणि हसला. "ताई, ही तर घराबाहेरसुद्धा पडली नाही हो! टायरवरचे रबराचे केस अजून जागेवर आहेत."

"मग चांगली किंमत येईल," भिंगरी म्हणाली.

तो सायकल बाबांच्या खुर्चीशेजारून पुढे नेऊ लागला. सीट खुर्चीच्या बरोबरीला आली आणि बाबांनी डाव्या हाताने तिच्यावर थाप मारली. "बस!" पुन्हा थाप. "बस! बस!"

"काका विकू नका म्हणतायत बहुतेक," सायकलवाला म्हणाला.

"बसलेच आहे बाबा," भिंगरी खाली पाहत म्हणाली. "मी कुठे जातेय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. ती भिंगरीकडे पाहत नव्हती, थाप मारणाऱ्या हाताकडे पाहत होती. कुणी जवळ बसावं असं वाटलं की बाबा पलंगाच्या कडेवर हळू हात फिरवतात. हे ते नव्हतं. ही थाप आईच्या ओळखीची होती. भिंगरी लहान असताना ड्यूटीवरून आले की बाबा सायकलच्या दांडीवरची छोटी सीट रुमालाने पुसायचे, तिच्यावर दोनदा थाप मारायचे आणि ओरडायचे, "बस!" त्या आवाजासरशी भिंगरी हातात असेल ते टाकून धावत सुटायची. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

"अहो," आई पुढे आली. "कुठे बस म्हणताय?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं हा माणूस मठ्ठ पोरांचा वर्ग घेतोय. मग सीटवर आणखी एक थाप मारली.

भिंगरीचा हात सायकलच्या मुठीवर होता, तो तिथेच राहिला.

"नेऊ का मग?" सायकलवाल्याने विचारलं.

"न्या," भिंगरी म्हणाली.

"हवा भरा आधी," आई म्हणाली.

"काकू, विकायच्या गाडीत हवा कशाला?"

"भरा म्हणते ना! आणि विकायची नाहीये."

"आई, पुरे कर." आता भिंगरीचा आवाज चढला. आईला वाटलं, चढू दे. "बाबा काय म्हणाले ते कळलं मला. आंधळी नाही मी. पण त्यांना उचलणार कोण? तू? पट्टा लावून? वरच्या काकांचा तर आता स्वतःचाच गुडघा गेलाय." तिने मूठ सोडली आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं.

ह्याला उत्तर होतं, पण ते दुसऱ्या गावात राहत होतं, आगगाडीने एका रात्रीच्या अंतरावर. दादा दर फोनवर विचारायचा, "येऊ का गं?" आणि आई दर वेळी म्हणायची, "कशाला उगाच रजा घालवतोस? इकडचं सगळं ठीक आहे, तू तुझं बघ." मुलगा खरं मानायचा. मुलगे मानतात.

जिन्याखालून सायकलवाल्याच्या पंपाचा फुसफुस आवाज येऊ लागला. त्या प्रत्येक फुसफुशीबरोबर आईच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट उभी राहिली: काठाला कठडा नाही, पुलाखाली अंधार, कुत्री, आणि ते हिरवं गप्प पाणी. जुनी काळजी मुक्काम ठोकायला परत आली होती. पोटात कालवाकालव सुरू झाली. ह्या वेळी ती तिला जवळजवळ बरी वाटली.

तिने पिठाचे हात धुतले. काय बोलायचं ते मनाशी घोळवलं. 'जमलं तर ये.' नको, जमलं तर नको. 'शनिवारी ये. दोन दिवस. बाबांना उचलायला.' तो म्हणेल, मला जमेल का, ते चावतात. चावले तर चावू दे, बापच आहे तुझा.

फोनशेजारी स्टूल होतं. त्यावर बसलं की तिच्या तोंडून आपोआप 'सगळं ठीक' निघायचं. तिने स्टूल पायाने बाजूला सरकवलं, आणि उभ्यानेच दादाचा नंबर लावला.