मिस्त्रीची वीत

१९६९ साल. मी तेहेतीस वर्षांचा, भोरात मालकांची शर्यतीची बसकी गाडी चालवायचो. चाक बदलायला जॅक मीच निवडणार, असं मालकांना छातीठोक सांगितलं होतं.

किकवीचा मिस्त्री चणीनं बारका. गाडीला आधी नमस्कार करणार, मग वितीनं मापणार. गाडीशेजारी आडवा होऊन म्हणाला, "डायवरसायेब, वीतभरच उंचीचा आणा."

म्या पुण्याच्या दुकानात माझ्या वितीनं मोजून आणला. गाडीखाली शिरंना! माझं तोंड उतरलं. मिस्त्रीनं माझ्या पंजाला पंजा लावला आन पोट धरून हसला. "पैलवान, वीत माझी म्हनलो व्हतो!"

हसू मलाबी आलं, तरी चूक कबूल केली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीलाच येस्टीत बसवून पुण्याला नेलं आन दुकानदाराला म्हणालो, "आता ह्या हातानं मोजा."