बटणदाबे आणि गप्प केलेला संगणक

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकावरच्या कारकुनांना सगळे बटणदाबे म्हणायचे. आडनाव नव्हे हो, मीच ठेवलेलं नाव. मी नोंदणीच्या खिडकीत आणि ते माझ्या पाठीमागे संगणकापुढे, वीस वर्षं. दर सोमवारी ऑपरेशनच्या तारखांची पत्रं काढायची. त्यासाठी त्यांनी एक मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला होता. तो यादीतलं एकेक नाव उचलायचा, पत्र तयार करायचा आणि त्या नावाने फाइल ठेवायचा; शेवटी सगळ्या फाइली एकदम छापून टपालात जायच्या. पण दर पत्रामागे, पत्राचा मूळ नमुना बंद करताना, संगणक विचारायचा, "बदल जतन करायचे का?" हे म्हणायचे, "नको रे बाबा," आणि बटण दाबायचे. साठ पत्रं, साठ वेळा नको. चहाचं पार पाणी व्हायचं.

"अहो, त्याचं तोंड बंद करता येत नाही का?" एकदा मी वैतागून म्हटलं.

येत होतं की! त्यांनी मॅक्रोच्या सुरुवातीला एक ओळ घातली आणि कटकट मिटली. पुढच्या सोमवारी गरम चहा प्यायले. स्वारी इतकी खूश, की शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

पण त्या ओळीने सगळ्याच सूचना बंद झाल्या. वर्षातून एखाद्या वेळी येणारी एक सूचनासुद्धा: "या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?" ती आली की बटणदाबे नावापुढे नोंदणी क्रमांक घालायचे. आता ती येईना, आणि यांच्याही डोक्यातून ती साफ गेली.

पाच महिन्यांनी खिडकीशी एक आजी आल्या. कपड्यांना काज-बटणं करायच्या. काचबिंदू होता. "पत्र येईल म्हणालात, आलंच नाही. उगाच कशाला त्रास द्यायचा, म्हणून थांबले." उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ही नजर परत येणार नाही, आता डावा तरी वाचवू.

बटणदाबेंनी जुनी यादी काढली. एकाच सोमवारी, एकाच नावाच्या दोन बायका. दुसरीच्या पत्राने आजींचं पत्र पुसून टाकलं होतं. मी हळूच म्हटलं, "टपालात हरवलं म्हणा. कुणाला कळतंय?" त्याची मला आजही लाज वाटते.

ते उठले. बाहेर जाऊन आजींच्या शेजारी बाकावर बसले. "आजी, चूक माझी आहे. मशीन विचारणार होतं, मीच त्याला गप्प केलं." सगळं सांगितलं.

आजींनी विचारलं, "त्या दुसरीला पोचलं का पत्र?"

"पोचलं. ऑपरेशनही झालं."

"दिसतं तिला?"

"दिसतं."

"बरं झालं बाई," आजी म्हणाल्या. मग, "आणि माझं काय हो?"

डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली, गुरुवारची.

मॅक्रोतली ती ओळ त्याच दिवशी काढली. आता पुन्हा साठ प्रश्न येतात. ते प्रत्येक प्रश्न वाचतात, मगच बटण दाबतात. चहा गार होतो. मी दुसरा आणून ठेवते.