एर्मिलाबाईंची उत्तरं

मुलाखतीच्या बोलावण्याला उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, असा एर्मिलाबाईंचा कायदा होता. दुसऱ्या दिवशी पाठवलं की साहेबाला वाटतं, दुसरीकडून नकार आला म्हणून आता आमच्याकडं वळली. आमच्या सान्ता ब्रिहिदा वस्तीत हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

बाईंनी एकतीस वर्षं मुलींना टायपिंग आणि पत्रलेखन शिकवलं. ती शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलं. दोन जुने कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि नोकरीच्या अर्जाचे पिवळे छापील कागद. त्यांच्या पायरीवर सकाळी माझं पानात बांधून वाफवलेल्या तामालेचं पातेलं आणि मक्याच्या गोड आतोलेची किटली असते. सोळा वर्षं आम्ही अशा शेजारी शेजारी होतो. भांडणं चिक्कार झाली, पण पायरी काही मी सोडली नाही.

बाई पत्र लिहायच्या ते बघत राहावं. आधी आभार. मग वार, तारीख, वेळ, ठिकाण स्वतःच्या शब्दांत पुन्हा, म्हणजे घोळ नको. मग एकच प्रश्न, कोणाला भेटायचं? आणि शेवटी आपला पत्ता. आता आमच्यात कोणी ‘माझं घर’ असं म्हणत नाही, ते उद्धटपणाचं. ‘अमुक गल्लीत अमुक नंबरला तुमचंच घर आहे’ असं म्हणायचं. बाई ते प्रत्येक पत्रात लिहायच्या.

“बाई, तुमच्या पत्रात एवढा गोडवा असतो, वाचणाऱ्याला मधुमेह व्हायचा,” मी म्हणायची.

“तो तुझ्या आतोलेनं आधीच झालेला असतो, चाबेला.”

त्यांच्या पत्रांवर वस्तीतली निम्मी पोरं कारखान्यांत चिकटली. हे मी खोटं सांगत नाही.

फेब्रुवारीत ती वेगळीच बोलावणी यायला लागली. थेट फोनवर, मेसेजनं. तुमची मुलाखतीसाठी निवड झाली आहे, आठवड्याला चार हजार पेसो, राहणं-जेवण आमचं, दोन जोडी कपडे घेऊन बस स्टँडवर या, गाडी घ्यायला येईल. पहिलं आलं वस्तीतल्या ओफेलियाच्या पोराला, एफ्रेनला. चोवीस वर्षांचा, वेल्डिंग करायचा, हाताला काम नव्हतं. बाईंनी झकास उत्तर लिहिलं, कोणाला भेटायचं ते विचारलं. दोन मिनिटांत जबाब आला: गाडीवाला तुम्हाला ओळखेल.

बाईंनी चष्मा काढला. “एवढी घाई ऑफिसला नसते गं. खऱ्या ऑफिसात आधी कोणीतरी कॉफी पितं, मग दुसऱ्याला विचारतं, मग विसरतं.”

“तुम्हाला सगळ्यात खोट दिसते,” मी म्हटलं. “पोराला नोकरी लागतेय, लागू दे की.”

एफ्रेन गेला. त्याच्यामागून महिनाभरात आणखी सहा जणांना तशीच बोलावणी आली. नंबर वेगळे, मजकूर तोच. सातही उत्तरं बाईंनीच लिहिली. त्यातले चौघे गेले. तिघांनी ‘येतो’ कळवलं आणि घरीच बसले.

मार्चअखेर ओफेलिया दुकानात आली. एकोणीस दिवस पोराचा फोन नव्हता. चौकीत गेली तर तिथला साहेब म्हणाला, पोरगी घेऊन पळाला असेल, येईल. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ बाईंच्या टेबलाशी गेली.

“बाई, एफ्रेनचं पत्र दाखवा. तो कुठं गेलाय तो पत्ता त्यात असेल ना.”

बाई प्रत्येक उत्तराची प्रत ठेवायच्या. फाइल काढली, दोघींनी पत्र वाचलं. त्या लोकांचा पत्ता म्हणून नुसता बस स्टँड होता. त्या कागदावर घराचा पत्ता एकच होता, तो ओफेलियाच्या स्वतःच्या घराचा.

ओफेलियानं कागद परत केला आणि गेली. ती गेल्यावर बाईंनी सातही प्रती टेबलावर मांडल्या आणि बराच वेळ बघत बसल्या. एक जण वह्या घ्यायला आला तर त्याला म्हणाल्या, आज दुकान बंद आहे. शटर सताड उघडं होतं.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी माझी पोरगी नोएमी फोन नाचवत आली. बावीस वर्षांची, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केलेली, दोन वर्षं घरात बसून माझ्याशी भांडणारी. फोनवर तेच बोलावणं होतं.

“तू जायचं नाहीस,” मी म्हटलं.

“मी त्यांना कळवलंय, संध्याकाळपर्यंत नीट उत्तर देते म्हणून. बाई, तुम्हीच सांगता ना, त्याच दिवशी उत्तर?”

बाईंनी तिला समोर बसवलं आणि एफ्रेनचं सगळं सांगितलं. पोरगी हट्टी आहे, पण मूर्ख नाही. मग हळूच म्हणाली, “मग आता काय लिहायचं?”

“येणार नाही, एवढंच लिहिते.”

इथं मी तोंड घातलं. देवानं मला तेव्हा मुकी का केली नाही? “अहो बाई, तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि असल्या लोकांना? डूख धरतील.” आमच्याकडं नाही म्हणतंच कोण? लग्नाला बोलावलं, बारशाला बोलावलं, ‘नक्की येतो, देवाची कृपा असली तर’ म्हणायचं आणि घरी पाय पसरून बसायचं. समोरच्यालाही ते कळतं. कोणाचा अपमान नाही. “लिहा, बोलावलंत, फार आनंद झाला. पण आई आजारी आहे, पुढं कधीतरी नक्की येईन.”

“चाबेला, हे बरं नव्हे.”

“माझी पोर आहे, मी सांगते तसं लिहा.”

बाईंनी लिहिलं. भराभरा, स्क्रीनकडं न बघता, नेहमीसारखं. मी वाचलं तर मला उलट बरं वाटलं, किती गोड लिहिलंय. पाठवून दिलं. प्रत काढून फाइलला लावताना बाईंचा हात थांबला. पत्राच्या शेवटी होतं: ‘खाकारान्दा गल्ली, ११८ नंबरला तुमचंच घर आहे.’ इतक्या वर्षांची सवय, बोटांनी आपोआप टाइप केलं होतं. सात पत्रांत जे तासभर बघत बसल्या, तेच आठव्यात घातलं.

दोन मिनिटांत जबाब आला. ‘आईंच्या तब्येतीचं वाईट वाटलं. तुम्ही तसदी घेऊ नका. गुरुवारी सकाळी सात वाजता गाडीच घरी येईल. तेवढा वेळ आईंजवळ कोणीतरी बसेलच.’

माझी पाचावर धारण बसली.

मंगळवारी सकाळच्या बसनं नोएमीला दुसऱ्या गावी, कोलिमाला, माझ्या भावजयीकडं धाडलं. गुरुवारी साडेसहालाच बाई माझ्या दारात हजर. शाळेत घालायच्या तो राखाडी कोट, केस चापून बसवलेले.

“तुम्ही कशाला आलात?”

“पत्र मी लिहिलंय. तू आत पड, तू आजारी आहेस.”

मी पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर पडले. दार उघडंच ठेवलं, बंद ठेवलं तर संशय. बरोबर सातला गाडी थांबली. चाळिशीचा माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात हॅट. असा माणूस बँकेत भेटला असता तर मी त्याला काकुळतीनं फॉर्म भरून मागितला असता.

“नमस्कार. नोएमी तयार आहे?”

“ती नाही,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या गावी कामाला लागली.”

“वा. कुठल्या गावी?”

“मला सांगितलं नाही तिनं.”

त्यानं बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. “काळजी घ्या, काकू.” मी मान हलवली. खरोखरच मला ताप भरला होता. मग तो बाईंना म्हणाला, “आणि आपण?”

“तिचं पत्र मी लिहिलं.”

“म्हणजे ती सगळी तुम्हीच लिहिता.” तो हसला, मनापासून. “वाटलंच. एफ्रेनचंही तुमचंच ना? आमच्यात सगळ्यांनी वाचलं.”

“एफ्रेन कुठं आहे?”

“कामावर.”

“त्याला म्हणावं, आईला फोन कर.”

“सांगतो की. बाई, आमच्याकडं लिहिणारं माणूसच नाही हो. पोरं काहीतरी खरडतात, लोक बिचकतात. तुम्ही बोलावलंत तर माणसं बिनघोर येतील. सोमवारी मुलाखतीला या ना.”

बाईंनी श्वास घेतला. ताठ उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मला त्यांची पाठ ठाऊक आहे. त्या आता काय बोलणार तेही मला ठाऊक होतं. आणि हा माणूस माझ्या उंबऱ्यात, पोर मंगळवारपासून कोलिमात, ह्याला आधी इथून घालवायचं एवढंच माझ्या डोक्यात.

“हो हो,” मी खाटेवरून म्हटलं. “येतील ना बाई. आनंदानं येतील. देवाची कृपा असली तर.”

“मग ठरलं,” तो म्हणाला. “सोमवारी सातला दुकानाशी येतो.” हॅट घातली, मला लवकर बऱ्या व्हा म्हणाला आणि गेला.

बाई वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी नाही म्हणणार होते, चाबेला.”

“अहो, त्याला कटवायला म्हटलं मी. सगळे असंच म्हणतात ना.”

“म्हणतात. पण हा ऐकून घेणारा आहे.”

मी हातापाया पडले, कोलिमाला जा, आजच जा. बसच्या भाड्याची व्यवस्था करते म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. “‘येतो’ कळवून न गेलेले ते तिघं घरात आहेत अजून. त्यांच्या घरांचे पत्ते मीच लिहून दिलेत. मी दुकानात दिसले नाही तर गाडी तिकडं वळेल.” त्यांनी त्या तिघांच्या दारी जाऊन एकेकाला स्वतः सांगितलं, आठवडाभर इथं राहू नका. हरवलेली पोरं शोधत रानोमाळ हिंडणाऱ्या आयांचा एक गट आहे, ओफेलिया त्यांच्यात जायला लागली होती. शनिवारी बाईंनी सगळी फाइल तिच्या हवाली केली. सगळ्या प्रती, तारखा, नंबर. ओफेलियानं त्यांना जवळ घेतलं नाही आणि त्यांनीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

सोमवारी मी पातेलं घेऊन पायरीवर बसले होते. त्या एका तरी गोष्टीत मी पळाले नाही. सातला गाडी आली. बाईंनी शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकली. मी त्यांचा कोट धरला. त्यांनी माझी बोटं सोडवली, जरा जोरातच, आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दार त्या माणसानं अदबीनं लावलं.

ह्याला अकरा आठवडे झाले. ती तीन घरं सुखरूप आहेत, नोएमी कोलिमात एका दवाखान्यात लागली. शनिवारी मी ओफेलियाबरोबर रानात जाते, लोखंडी सळई जमिनीत खुपसते, वर काढून वास घेते; खाली कोणी पुरलेलं असेल तर सळईला वास येतो. वस्तीतले लोक येता-जाता शटरपाशी थांबतात, म्हणतात, बाई शब्दाच्या पक्क्या होत्या, जीव गेला तरी दिलेला होकार मोडला नाही. मी त्यांना तामाले बांधून देते. होकार बाईंनी दिलाच नव्हता, तो मी दिला होता, हे अजून मी कोणाला सांगितलेलं नाही.