तात्यांच्या खोक्यातली माती

डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून किड्यांची विचारपूस करणारा माणूस मी एकच पाहिला. जाफराबादेत आमच्या शेजारी राहणारे रंगनाथतात्या. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान गेलं, भिंग राहिलं. ओसरीवर दोन खोकी, खोक्यांत माती, मातीवर काचेचा तुकडा. काच उचलली की तिच्या खालच्या बाजूला दोऱ्यासारख्या पांढऱ्या किड्यांचा पुंजका वळवळत असायचा. "जेवले का रे सगळे?" तात्या विचारायचे.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. लकव्यानं त्यांची वाचा गेली, एक बाजू गेली. भिंतीकडे तोंड करून त्या पडून असत. भाच्यानं माशांची काचपेटी आणून दिली, ती तात्यांनी खाटेशेजारी मांडली. त्यात दोन काळे मासे, जिवंत खाण्यावरच वाढलेले. कोरडे दाणे ते थुंकून टाकायचे. पण किडे पाण्यात सोडले की अशी झडप घालत की काकूंची मान वळायची आणि घशातून 'हं' असा आवाज निघायचा. बायकोचं बोलणं म्हणून तात्यांकडे आता तेवढंच उरलं होतं.

त्यामुळे किड्यांचे लाड विचारू नका. ज्वारीची पातळ पेज, तीत गाजराचा रस, वर माशाच्या तेलाचा एक थेंब. "किड्याच्या पोटात असन तेच माशाच्या पोटात जाईन. आधी त्याला जेवू घाल, मंग माशाला दे. इथं जल्दी बिलकुल चालत न्हाई." स्वतः मात्र शिळी भाकरी खायचे. "तात्या, मला किडा करून घ्या," मी म्हणायचो.

आणखी एक खोड होती त्यांना. कुणी दारी आणलेली वस्तू ते परत करत नसत. माझ्या बायकोनं एकदा चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, तर बशी पुसून प्याले. "एवढं हौसेनं आणल्तं तिनं," म्हणाले.

गेल्या मे महिन्यात खोक्यांतली माती आंबली. किडे काठावर चढू लागले. तात्यांचे गुडघे गेलेले, म्हणून मी आमच्या रानातून पोतंभर काळी माती खांद्यावर आणली. बांधाजवळच्या ज्या जागेवरून ती भरली, तिथंच मी कपाशीच्या फवारणीचं औषध कालवायचो, हे डोक्यातही आलं नाही. तात्यांनी दोन दिवस ती उन्हात पसरली, दोन्ही खोकी भरली आणि किडे तीत सोडले.

तिसऱ्या दिवशी काच उचलली, खाली काहीच नव्हतं. तेव्हा कुठं मला बांधाजवळची ती जागा आठवली. माती बोटांनी चाळत तात्या भिंगातून बघत राहिले. "एखादा तरी असन रे," एवढंच पुटपुटत होते. मी नाल्या उपसल्या, जालन्याची दुकानं पालथी घातली. कोरडे दाणे सगळीकडे, जिवंत किडा कुठंच नाही. मासे खंगले. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग तात्यांनी घड्याळाच्या चिमट्यात पांढरा दोरा धरला आणि पाण्यात हलवला. मासा धावला. काकू 'हं' म्हणाल्या. तात्या ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशीही मासा फसला. तिसऱ्या दिवशी त्यानं दोऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तात्या हात दुखेपर्यंत दोरा हलवत होते.

मासे मेले. आषाढात काकू गेल्या. तो 'हं' पुन्हा कुणी ऐकला नाही.

दहाव्याला मला राहवलं नाही. तात्यांचे पाय धरले. "तात्या, माती माझी विषारी व्हती. मी मारले ते किडे."

त्यांनी मला उठवलं.

"मला ठावं व्हतं, सुदाम. पोतं सोडलं तवाच औषधाचा वास आल्ता."

"मंग टाकली का न्हाई?"

"उन्हानं उडून जाईन वाटलं," ते म्हणाले. "आन् तू एवढ्या उन्हाचं खांद्यावर आणल्तं."